बोथाटीपासून छर्‍याच्या बंदुकीपर्यंत
(मुलांच्या पहिल्या बंदुकीचा इतिहास)

आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांतून खंडेनवमीस शस्त्रपूजेचा कुळाचार अद्याप चालत आलेला आहे, तेथे तलवार, कट्यार आणि क्वचित एखादी जुनी ठासणीची बंदूक यांना वर्षातून एकदा गंधफूल मिळते. उरलेले वर्षभर ती शस्त्रे पेटीत वा भिंतीवर असतात. परंतु अलीकडे या शांत शस्त्रांशेजारी एक नवा प्रश्न घराघरांतून उभा राहिला आहे. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, आणि आपल्या मुलामुलींनाही नेमबाजी शिकवावी अशी इच्छा पुष्कळ आईबापांच्या मनात उत्पन्न झाली. इच्छा चांगली आहे. पण तिच्या पाठोपाठ जो प्रश्न येतो तो असा की, मुलाच्या हाती पहिली बंदूक कोणती द्यावी?

या प्रश्नाची चर्चा बहुधा किंमत, कारखान्याचे नाव आणि बंदुकीचे रूप यांवरच संपते. कोणी वडिलोपार्जित परवान्याच्या दुनळीचे नाव घेतो, कोणी म्हणतो की एकदाच मोठी व चांगली घ्यावी, म्हणजे पुन्हा खर्च नको. वस्तुतः हा प्रश्न आज नव्याने उद्भवलेला नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या देशांनी तो आपापल्या परीने सोडविण्याचा यत्न केला, त्यात चुका केल्या, आणि अखेर बहुतेक सर्वजण एकाच उत्तराशी येऊन पोहोचले. त्या उत्तराचा इतिहास स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आखाड्याची रीत

आरंभ आपल्याच घरापासून करू. जुन्या तालमीतून भाला शिकविताना मुलाच्या हाती प्रथम भाला देत नसत; बोथाटी देत. बोथाटी म्हणजे जिच्या टोकाला पाते नाही, बोथट बोंड आहे, अशी लांब काठी. तलवारीच्या हातांसाठी फरी-गदगा असे; कातड्याची लहान ढाल आणि कातड्याने मढविलेली काठी. पवित्रा, पायांची ठेवण, नजर आणि मनगट ही सर्व या निरुपद्रवी साधनांवर तयार होत, आणि ती तयार झाल्यावर मगच धारेचे शस्त्र हाती येई. या रीतीत एक मोठे शहाणपण साठविलेले होते. शिकणारा लहान असेल तर शस्त्र त्याच्या बेताचे करावे; शस्त्र मोठे असेल तर त्याला पुरे पडण्यासाठी मुलाला ओढूनताणून मोठे करू नये.

बंदुकीच्या बाबतीत मात्र ही रीत फार काळ लागू पडली नाही. तोड्याच्या बंदुकीची नळी लांब व जड, दारू सुटी, आणि पेटती वात त्या सुट्या दारूपासून हातभर अंतरावर! पुढे गारेची चाप असलेली बंदूक आली, तरी दारू शिंगातून वा पुडीतून मोजून नळीत घालावयाची, गोळी गजाने ठासावयाची, हा क्रम कायम राहिला. नळी आखूड करता येत असे, दारू कमी घालता येत असे. पण मोजण्यात चूक झाली, एकदा ठासलेल्या बारावर दुसरा बार ठासला गेला, तर शिक्षा शिकणार्‍याच्या हाताला आणि डोळ्याला मिळे. बंदुकीला बोथाटी नव्हती. ती निर्माण होण्यासाठी आधी दारू मुलाच्या हातातून निघून बंद डबीत जाणे अवश्य होते.

दिवाणखान्यातील बंदूक

हे काम पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या कारागिराने केले. १८४५ च्या सुमारास त्याने आघाताने पेटणार्‍या टोपीच्या तोंडावरच एक लहानशी शिशाची गोळी बसविली. निराळी दारू मुळीच नाही. टोपीतील स्फोटक द्रव्याच्या बळावरच गोळी काही पावले जाई. आवाज अल्प, धूर अल्प. त्यामुळे युरोपातील सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांतून या बंदुकीने निशाण मारण्याचा छंद सुरू झाला. छंद श्रीमंतांचा होता, पण त्यातून निघालेली कल्पना फार दूर गेली. दारू, गोळी आणि पेटविणारे द्रव्य ही तिन्ही एका धातूच्या काडतुसात बंद झाली, आणि शिकणार्‍याला दारूला हात लावण्याचे कारण उरले नाही.

१८५७ साली अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने याच तत्त्वावर ०.२२ इंच व्यासाचे आखूड काडतूस आपल्या लहान पिस्तुलासाठी काढले. त्याच घराण्यातील थोडे लांब व अधिक अचूक काडतूस १८८७ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्टीव्हन्स कारखान्याने तयार केले. आपल्याकडे छात्रसेनेतील मुले ज्याला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात ते हेच. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, बंदुकांची अनेक रूपे आली आणि गेली. पण ऑलिंपिकच्या ५० मीटर स्पर्धेत आजही हेच काडतूस चालते. आरंभीच्या विद्यार्थ्याचे आणि अखेरच्या विजेत्याचे काडतूस एकच असावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लहान शस्त्र म्हणजे हलक्या प्रतीचे शस्त्र, हा समज तिने खोटा ठरविला.

शेतकर्‍यांच्या मुलांसाठी

या काडतुसाभोवती मुलांची अशी खास रायफल प्रथम अमेरिकेत तयार झाली. तेथे दूरदूरच्या शेतवाड्यांवर राहणार्‍या कुटुंबांत बंदूक ही कुर्‍हाड-फावड्यासारखी नित्याची वस्तू होती, आणि मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की पिकांची नासाडी करणारे ससे, खारी वगैरे मारण्याचे काम त्याच्याकडे येई. स्टीव्हन्स कारखान्याने १८९० नंतरच्या दशकात अशा मुलांसाठी आखूड, हलक्या, एकनळी व एकबारी रायफली काढल्या. १९०० साली जॉन ब्राउनिंग या विख्यात शस्त्ररचनाकाराच्या आराखड्यावरून विंचेस्टर कारखान्याने एक अत्यंत साधी रायफल बाजारात आणली. तिची एक लकब लक्षात ठेवण्याजोगी आहे. काडतूस घालून बोल्ट बंद केला तरी ती उडण्यास सिद्ध होत नसे. मागची खुंटी हाताने ओढून चढवावी लागे. म्हणजे बार काढण्यापूर्वी मुलाला एक जाणूनबुजून कृती करावी लागे. ज्या रायफलीत दहा गोळ्या भरून त्या भराभर झाडता येतात ती मुलाला गोळ्या उधळावयास शिकविते. जिच्यात एकच गोळी मावते ती त्याला विचार करावयास शिकविते. हे तत्त्व तेथील शेतकर्‍यांना अनुभवाने कळले होते.

याच काळात मिशिगनमधील प्लिमथ गावी आणखी एक मौजेची गोष्ट घडली. तेथील एक कारखाना शेतीच्या पाणीउपशासाठी लोखंडी पवनचक्क्या करीत असे. १८८८ च्या सुमारास त्याने पवनचक्की घेणार्‍या शेतकर्‍यास वर एक हवेच्या दाबाने छर्रे उडविणारी लहान धातूची बंदूक भेट देण्याचे ठरविले. थोड्याच वर्षांत लोक पवनचक्कीऐवजी बंदूकच मागू लागले, आणि १८९५ साली कारखान्याने पवनचक्क्यांचे नाव टाकून ‘डेझी’ या बंदुकीचेच नाव धारण केले. ती पुष्कळशी खेळण्यासारखी होती. परंतु दारूवाचूनही नेम शिकविता येतो ही गोष्ट तिने घरोघर नेली. इंग्लंडात बर्मिंगहॅमचे लिंकन जेफ्रीज यांनी या कल्पनेला अचूकतेची जोड दिली, आणि १९०५ पासून तेथील बीएसए कारखाना त्यांच्या आराखड्याच्या, पीळदार नळीच्या हवाई रायफली करू लागला. आज ज्या छर्‍याच्या रायफलीवर आपली मुले पहिला धडा गिरवितात, तिचा वंश असा आहे.

बोअर युद्धाचा धडा

आतापर्यंत जे घडले ते बाजाराच्या व छंदाच्या क्षेत्रात घडले. मुलांच्या पहिल्या रायफलीचा प्रश्न राष्ट्राचा प्रश्न झाला तो बोअर युद्धामुळे. १८९९ च्या डिसेंबर महिन्यात दक्षिण आफ्रिकेत एका आठवड्यात इंग्रजांचे तीन ठिकाणी पराभव झाले. समोर कोणतीही मोठी कवायती फौज नव्हती. लहानपणापासून घोडा आणि बंदूक यांवर वाढलेले शेतकरी होते. कोलेन्सोच्या लढाईत ज्यांचा एकुलता पुत्र पडला ते लॉर्ड रॉबर्ट्स यांनाच पुढे सेनापती म्हणून तिकडे जावे लागले. हे रॉबर्ट्स जन्माने कानपूरचे, आणि १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती. त्यामुळे त्यांचे नाव आपल्याकडील जुन्या पिढीच्या ओळखीचे होते.

युद्ध संपल्यावर इंग्लंडने स्वतःला विचारले की, आमच्या शहरांतील पोरांना नेम का साधत नाही? एक उत्तर असे निघाले की, त्यांना बंदूक मिळते तीच मुळी फार उशिरा आणि फार मोठी. तत्पूर्वी शाळांतील मुले नेमबाजी करीत नव्हती असे नाही. १८६१ पासून विम्बल्डनच्या मैदानावर मोठ्या विद्यालयांच्या मुलांत ढालीसाठी चढाओढ होत असे. परंतु बंदूक बहुधा सैनिकांच्याच जातीची. ०.३०३ च्या लष्करी रायफलीचे वजन सुमारे ४ किलो; पुढे तिची जी गोळी रूढ झाली ती सुमारे ११ ग्रॅम वजनाची, दर सेकंदास सुमारे ७४० मीटर वेगाने जाणारी. ०.२२ ची गोळी अडीच ग्रॅमहून किंचित अधिक आणि वेग निम्म्याहूनही कमी. हिशेब केला तर मोठ्या गोळीचा रेटा लहान गोळीच्या सुमारे दसपट भरतो, आणि तो सगळा बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येतो. कान सुन्न होतात, खांदा दुखतो, आणि दुसर्‍या बारापासून मूल बुजू लागते. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा मागे जातो, हात हिसका देतो. घोडा एकदा बुजला की जसा त्याच वळणावर पुनःपुन्हा बिचकतो, तसेच हे आहे. ही खोड एका दिवसात लागते आणि घालविण्यास कित्येक महिने लागतात.

म्हणून १९०१ नंतर इंग्लंडात लहान रायफलींच्या मंडळांची चळवळ उभी राहिली. १९०३ साली तिच्या दोन संस्था एक झाल्या, आणि रॉबर्ट्स यांनी आपल्या उतारवयातील पुष्कळ शक्ती या कार्यास वाहिली. ०.२२ चे काडतूस स्वस्त. त्यास मैलभर मैदान नको, २५ यार्डांची बंदिस्त जागा पुरते. त्यामुळे गिरण्यांचे कामगार, कारकून, शाळांचे विद्यार्थी सायंकाळी एखाद्या दिवाणखान्यात वा तळघरात नेमबाजी करू लागले. तेथील युद्धखात्यानेही १९०६ च्या सुमारास ०.२२ च्या शिक्षणाच्या रायफलीचा एक नमुना मान्य केला.

या चळवळीचे एक अंग आपण विशेष ध्यानात घेतले पाहिजे. या मंडळांतील पुष्कळ सभासदांची स्वतःची रायफल नव्हती. रायफल मंडळाची, ती कुलपात राही, सराव देखरेखीखाली होई, आणि घरी जाताना शिकणारा रिकाम्या हाताने जाई. पहिली रायफल ‘निवडावी’ याचा अर्थ ती ‘विकत घ्यावी’ असाच होतो असे नाही, हा या इतिहासाचा एक मोठा धडा आहे.

दोन देशांच्या दोन रीती

ऑस्ट्रेलियाने १९११ पासून मुलांना सक्तीचे छात्रशिक्षण सुरू केले. त्या सुमारास तेथील छात्रांसाठी इंग्लंडातून खास रायफली मागविण्यात आल्या. त्या ०.३१० व्यासाच्या, मोठ्या लष्करी रायफलीहून आखूड व हलक्या, आणि सौम्य काडतुसाच्या होत्या. बार एकच, आणि खालची तरफ ओढली की नळीचे मागील तोंड उघडे पडे, म्हणजे शिक्षकास दुरूनही एका दृष्टिक्षेपात कळे की रायफल रिकामी आहे की नाही. तीस मुले रांगेत पडलेली असताना शिक्षकाला याहून अधिक मोलाची गोष्ट कोणती?

स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक नागरिक सैनिक असण्याची परंपरा. तरी तेथेही १८९७ साली छात्रांसाठी लष्करी रायफलीचा एकबारी व सौम्य काडतुसाचा निराळा नमुना काढण्यात आला. झुरिच नगरात दर सप्टेंबरात १३ ते १७ वर्षांच्या मुलांची नेमबाजीची मोठी जत्रा भरते. १९९१ पासून तीत मुलींनाही प्रवेश आहे. तेथे मुले प्रत्यक्ष लष्करी रायफल चालवितात, हे उदाहरण कोणी आपल्या मताच्या विरुद्ध पुढे करील. पण बारकाईने पाहावे. ती रायफल ५.६ मिलिमीटर व्यासाची, जुन्या मोठ्या रायफलींच्या मानाने पुष्कळच सौम्य. ती जमिनीलगत टेकविलेली. मूल आडवे पडलेले. आणि शेजारी जाणता शिक्षक बसलेला. म्हणजे तेथेही मुलावरील भार कमी करण्याची तजवीज केलेलीच आहे.

आपल्या देशातील हकीकत

इकडे हिंदुस्थानात निराळाच प्रसंग होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. गोर्‍यांस मात्र सूट राहिली. हा भेद राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून पुनःपुन्हा निषेधिला. ज्या काळी अमेरिकेतील शेतकर्‍याचा मुलगा कुंपणावर डबे मांडून नेम शिकत होता, त्या काळी आमच्या शेतकर्‍यास रानडुकरापासून पीक राखण्यासाठीही परवान्याचा अर्ज करावा लागे. अशा स्थितीत मुलांच्या पहिल्या बंदुकीचा विचार कोण करणार?

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विद्यार्थ्यांची लष्करी पथके निघाली. १९२० च्या कायद्याने त्यांस विद्यापीठ शिक्षण पथकांचे रूप आले. स्वातंत्र्य मिळता मिळता पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विद्यार्थ्यांच्या सैनिकी शिक्षणाचा विचार केला, आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. पुढील वर्षी तीत मुलींचा विभाग निघाला. सामान्य मध्यमवर्गीय घरातील मुलामुलींच्या हाती कायदेशीर रीतीने, विनामूल्य आणि शिक्षकाच्या नजरेखाली रायफल येण्याचा राजमार्ग या दिवशी खुला झाला. ती रायफल ०.२२ चीच होती.

१९५१ साली राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. त्याचे संस्थापक व पहिले अध्यक्ष कोण, हे पुष्कळांस ठाऊक नसते. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर! मूळचे कोकणातील मराठी घराणे, कर्मभूमी अहमदाबाद, व्यवसाय वकिलीचा, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात गांधीजींच्या मागे जाऊन तुरुंगवास पत्करलेला हा पुरुष. अशा मनुष्याने रायफल संघाचे अध्यक्षपद स्वीकारावे यात कोणास विसंगती वाटेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. नेमबाजीत प्रतिपक्षी समोर नसतो. समोर कागद असतो. आपला श्वास, आपला हात आणि आपले मन यांवर जो ताबा मिळवितो तोच तेथे जिंकतो. संयमाचे मोल ज्यास कळले त्यास हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या नावाने भरणार्‍या सामन्यांतून आजही नवे नेमबाज पुढे येतात.

महाराष्ट्राच्या लेकी

या बीजाचे फळ महाराष्ट्रात कसे धरले ते आपण पाहिलेच आहे. अंजली भागवत यांना रायफलीची पहिली ओळख मुंबईत महाविद्यालयात असताना छात्रसेनेतून झाली. वरळीच्या रेंजवर त्या तयार झाल्या, २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, आणि २००२ साली म्युनिक येथे ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा मान त्यांनी मिळविला. सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकलाच ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. दीपाली देशपांडे यांनी स्वतः ऑलिंपिक गाठले आणि पुढे शिक्षिका म्हणून स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे शिष्य घडविले.

ज्या घरात मुलाच्या नेमबाजीची चर्चा होते आणि मुलीचे नाव निघत नाही, त्या घराने ही नामावली एकवार वाचावी. रायफलीस खांद्याच्या रुंदीपेक्षा मनाची स्थिरता अधिक लागते, आणि ती देताना परमेश्वराने मुलगा-मुलगी असा भेद केलेला नाही. यांपैकी कोणाचेही यश मोठ्या आवाजाच्या बंदुकीवर उभे नाही. सर्वांची साधने दोनच : छर्‍याची हवाई रायफल आणि ०.२२.

निवड कशी करावी?

आता इतिहासाने हाती दिलेल्या कसोट्या एकत्र करू.

पहिली कसोटी मापाची. दस्ता कोपराच्या आतल्या खोबणीत टेकविला असता मुलाच्या बोटाचे पेर सहज चापापर्यंत पोहोचले पाहिजे. मान लांबवावी लागत असेल वा हात ताणावा लागत असेल तर ती रायफल त्या मुलाची नव्हे. दस्त्याची लांबी कमीअधिक करता येणारी रायफल यासाठी उत्तम. मूल वाढते, तशी तीही वाढते.

दुसरी वजनाची. रायफल उचलताना मूल पाठ मागे वाकवू लागले की ती जड आहे असे समजावे. स्पर्धेच्या हवाई रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते, पण ते तयार नेमबाजाचे. आरंभी हलकी रायफल घ्यावी, आणि तीही टेकूवर ठेवून मारू द्यावी. टेकूवर मारण्यात कमीपणा नाही. पोहणारा आधी काठ धरूनच शिकतो.

तिसरी धक्क्याची व आवाजाची. या बाबतीत हवाई रायफलीस तोड नाही. तिचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, व्यास साडेचार मिलिमीटर, अंतर १० मीटर. १९८४ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे; २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी देशाचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले ते याच रायफलीवर. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अवघा अर्धा मिलिमीटर! जिला हा ठिपका साधता येतो तिला खेळणे कोण म्हणेल?

चौथी कसोटी, एका वेळी एकच बार. पाचवी, नेम धरण्याची साधने साधी असावीत. प्रथम माशी आणि मागची खाच वा छिद्र यांवर डोळा बसावा. दुर्बीण पुढे केव्हाही येईल. जो आरंभीच दुर्बिणीतून पाहतो तो लक्ष्य पाहतो, आपला हात पाहत नाही.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु या ठिकाणी एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. मी लहान रायफलीस बोथाटी म्हटले खरे, पण ही उपमा शिक्षणापुरतीच खरी आहे. बोथाटीच्या टोकाला बोंड असते, ०.२२ च्या नळीच्या टोकाला काही नसते. तिची गोळी मोकळ्यावर सुटली तर दीड किलोमीटरहूनही पलीकडे जाऊ शकते. छर्‍याने डोळा कायमचा जातो. म्हणून आवाज लहान तेवढा धोका लहान, असे समजणे घातक आहे. बंदूक भरलेलीच आहे असे मानून तिला हात लावावा. तिचे तोंड माणसाकडे, गुराकडे, घराकडे कधी करू नये. लक्ष्यावर नजर बसेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि लक्ष्यामागे काय आहे ते पाहिल्यावाचून बार काढू नये. ही चार वाक्ये ज्या मुलास झोपेतून उठविले तरी म्हणता येत नाहीत, त्याच्यासाठी कोणतीच रायफल योग्य नाही. त्याबरोबर डोळ्यांस चष्मा, ०.२२ असेल तर कानांस रक्षण, आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर जेवणापूर्वी हात धुणे, हेही नेमाने पाळावे.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्रकायद्याखाली बंदुकीचा परवाना मिळण्यास आज २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात; मात्र १२ वर्षांवरील मुलास शिक्षणासाठी जाणत्या प्रशिक्षकाच्या वा परवानाधारकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली नेमबाजी करता येते. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या हवाई रायफलीस २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे शिक्षक लागत नाही, असे नव्हे.

समारोप

तेव्हा ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, माझे सांगणे थोडक्यात इतकेच. मुलास वा मुलीस नेमबाजी शिकवावयाची असेल तर प्रथम बंदुकीच्या दुकानात जाऊ नका. जवळच्या रेंजवर वा शाळेच्या छात्रसेनेच्या शिक्षकाकडे जा. तेथील हवाई रायफलीवर काही महिने मुलाला शिकू द्या. त्याची आवड टिकते का, नियम अंगवळणी पडतात का, हे पाहा. मग १० मीटरवर हात स्थिर झाल्यावर ०.२२ कडे वळा. स्वतःची रायफल घेण्याची वेळ आलीच, तर ती मुलाच्या मापाने घ्या, आपल्या हौसेच्या मापाने नव्हे. ती घरी आली तर रायफल एका कुलपात, छर्रे वा काडतुसे दुसर्‍या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या वडीलधार्‍यांपाशी.

पूर्वजांच्या तलवारीची पूजा करणार्‍या घराण्यांनी एवढे अवश्य आठवावे की, ती तलवार ज्यांनी पेलली त्यांच्या हातीही लहानपणी प्रथम गदगाच आला होता. घराण्याचा लौकिक मुलाच्या हाती लवकर शस्त्र दिल्याने वाढत नाही. शस्त्र हाती असता ज्याचा हात कापत नाही, डोळा मिटत नाही आणि विवेक सुटत नाही, असा मुलगा वा अशी मुलगी घडविल्याने तो वाढतो. ज्या सभासदांस ऐपत आहे त्यांनी आपल्या गावच्या एखाद्या होतकरू मुलामुलीच्या छर्‍यांचा आणि रेंजच्या वर्गणीचा वर्षाचा खर्च उचलावा. एका जुन्या तलवारीवर चांदीची मूठ चढविण्यापेक्षा ते काम अधिक शोभेल.